टॉलिव्हरचं चिकन

व्हर्ना ऑडम गेली सत्तावीस वर्षं केकवर नावं लिहिते आहे. आमच्या गावात कुणाचं बारसं झालं असो, लग्न झालं असो, की फॉस्फेटच्या खाणीतून कुणी निवृत्त झालं असो, त्याचं नाव व्हर्नाने एकदा तरी साखरेत लिहिलेलं आहे. टॉलिव्हर मार्केटच्या मागच्या भिंतीशी डावीकडे तिचं बेकरीचं टेबल, उजवीकडे मी, चिकन तळणारी, आणि मध्ये हात धुवायचं बेसिन. एकोणीस वर्षं आम्ही दोघी त्या बेसिनवर भेटतो. तिच्याबद्दल मला जेवढं ठाऊक आहे तेवढं तिच्या चर्चच्या पाद्र्यालाही नसेल, आणि त्यातलं निम्मं मी विचारलेलंही नव्हतं.

दिसायला बाईत विशेष काही नाही. एकसष्ट वय, रुंद अंगलट, पायाला कायम सूज, केस जाळीत बांधलेले. आयसिंगची पिशवी दाबून दाबून उजवं मनगट कामातून गेलं आहे, त्यावर पट्टा असतो. लोखंडी तवा उचलवत नाही म्हणून घरी तळणं तिने कधीच सोडलं. नवरा टेक्सासला निघून गेला, आणि गेला ते बरंच झालं असं माझं मत आहे. आता घरामागे चाकांवरच्या घरासारखा एक ट्रेलर उभा असतो, त्यात तिचा धाकटा भाऊ हॉलिस राहतो.

हॉलिसची पाठ खाणीत मोडली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मग त्या गोळ्यांनीच त्याला धरलं. त्यातून बाहेर यायला त्याला चार वर्षं लागली आणि ती चारही वर्षं व्हर्नाने काढली. हल्ली त्याचं भागतं ते गांजावर. दोन झुरके मारले की तो झोपतो आणि जेवतो, नाहीतर ताटाकडे नुसता बघत बसतो. फ्लोरिडात आजारी माणसाला औषध म्हणून गांजा घ्यायचं कार्ड मिळतं, नाही असं नाही. पण हॉलिसचं म्हणणं, कार्ड घेतलं की नाव सरकारदरबारी चढतं आणि कार्डवाल्याला बंदूक ठेवता येत नाही, म्हणजे वडिलांची बंदूक हातची जाते. ती बंदूक त्याने वीस वर्षांत एकदाही उडवलेली नाही. पण आमच्याकडचा पुरुष पाठ देईल, बंदूक देणार नाही. म्हणून तो टायरच्या दुकानामागच्या एका माणसाकडून चोरून माल घेतो, आणि रस्त्यावर पोलिसांची गाडी दिसली की व्हर्ना ट्रेलरची खिडकी बंद करायला धावते.

तर त्या वर्षी नोव्हेंबरच्या मतदानात प्रश्न होता, एकवीस वर्षांवरच्या माणसांना कार्डाशिवाय गांजा मोकळा करायचा की नाही. राज्याची घटना बदलायची म्हणून शंभरात साठ मतं हवीत, निम्मी पुरत नाहीत. हॉलिसने उन्हाळ्यापासून कॅलेंडरवर दिवस खोडायला सुरुवात केली होती.

ऑगस्टमध्ये पेपरात बातमी आली की आमच्या मालकीणबाई, मिस कॉर्डेलिया टॉलिव्हर, यांनी गांजाच्या विरोधातल्या प्रचाराला भलीमोठी देणगी दिली आहे. एवढी मोठी, की तो आकडा वाचताना आमचा मॅनेजर दोनदा अडखळला. मिस टॉलिव्हर म्हणजे दुकान काढणाऱ्या म्हाताऱ्याची नात. स्वतःही म्हातारी, समुद्रकाठी राहते. आमच्या दुकानात ती एकदा आली होती. व्हर्नाशी हात मिळवला, हाताला आयसिंग लागलं, रुमालाने पुसलं आणि गेली. आमचा आणि तिचा एवढाच संबंध.

पण हे गिऱ्हाइकांना कोण सांगणार? एक जण मला म्हणाला, "तुम्हाला लाज नाही वाटत?" मी हातात चिमटा घेऊन उभी. म्हटलं, "वाटते ना. मांडी देऊ की तंगडी?" काही लोक ट्रॉली गच्च भरायचे, रांगेत यायचे, "टॉलिव्हरला एक पैसाही देणार नाही" असं मोठ्याने सांगायचे आणि ट्रॉली तिथेच सोडून जायचे. म्हातारीला त्याने काय फरक पडणार होता? वितळलेलं आइस्क्रीम पुसायचो आम्ही. एकाने पाच बोटांच्या हिरव्या पानाचा केक मागवला. व्हर्नाला वाटलं मेपलचं पान आहे, तिने शिरा काढून मन लावून रंगवलं. पान गांजाचं निघालं. केक न्यायला कोणी आलंच नाही, काचेतल्या केकचा फोटो मात्र गावभर फिरला. मॅनेजरने तिला आत बोलावून अर्धा तास सुनावलं. उलट बाजूची माणसंही कमी नव्हती. चर्चमधल्या बायका लांबून मुद्दाम यायच्या, दोन पाव जास्त घ्यायच्या आणि व्हर्नाचा दंड दाबून म्हणायच्या, "मिस टॉलिव्हरना सांगा हं, देव त्यांचं भलं करो." व्हर्ना म्हणायची, "सांगते." मग बेसिनवर येऊन मनगटावर गरम पाणी सोडत उभी राहायची.

"ट्रूडी," ती एकदा मला म्हणाली, "पैसे तिने दिले, माझं नाव कुठेच नाही. मग सगळे मलाच का येऊन सांगतात?"

"कारण ती समुद्रकाठी आहे आणि तू पावाच्या बाजूला," मी म्हटलं.

दर रविवारी चर्चनंतर मी व्हर्नाकडे जेवायला जाते, आणि जाताना माझ्याच हातच्या चिकनचा डबा असतो. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी हॉलिस काठी टेकत ट्रेलरमधून आला, डब्यावरचं टॉलिव्हरचं नाव वाचलं आणि खुर्ची ओढता ओढता थांबला.

"हे उचल इथनं."

"अरे, ट्रूडीने तळलंय," व्हर्ना म्हणाली.

"ट्रूडीशी माझं भांडण नाही. त्या म्हातारीशी आहे. मी रात्रभर तळमळावं म्हणून तिने पैसे ओतलेत, आणि मी तिचंच चिकन खाऊ?"

"माझा पगारही तिचाच आहे, हॉलिस. हे छप्परही."

"पगार तुझ्या मनगटाचा आहे," तो म्हणाला. "पण तिच्या दुकानातली वस्तू माझ्या पोटात जाणार नाही. एक पैसासुद्धा नाही. माझ्याकडे दुसरं आहे काय करण्यासारखं?"

मला त्याचा राग आला, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला. व्हर्नाला दोन्ही वाटायला वेळ नव्हता. तिला एवढंच कळलं की गावात दुसरं दुकान नाही आणि हा आता जेवणार नाही.

मग सुरू झाली तिची धावपळ. आठ तास उभं राहून, चारला सुटून, बावीस मैलांवरच्या गावात जायचं. तिथल्या दुकानातून पाव, दूध, डब्यातलं सूप आणायचं. टॉलिव्हरमध्ये राबायचं आणि भावासाठी टॉलिव्हरवर बहिष्कार घालायचा. मी एकदा म्हटलं, "अगं, इथलंच घे, पिशवी बदल फक्त." ती गाडीची किल्ली उचलून निघाली.

सूप हॉलिसच्या घशाखाली उतरेना. सप्टेंबर संपता संपता पट्टा आवळूनही पँट त्याच्या कमरेवर टिकेनाशी झाली. त्यातच त्या टायरच्या दुकानामागच्या माणसाला पोलिसांनी पकडलं, म्हणजे ना झोप ना भूक. व्हर्ना केकवर नावं चुकीची लिहू लागली. जे तिने सत्तावीस वर्षांत केलं नव्हतं ते एका आठवड्यात तीनदा झालं.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी ती बेसिनवर आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आठ तुकडे दे. डबा नको, फॉइलमध्ये बांध."

दुसऱ्या दिवशी तिने ते ओव्हनमध्ये गरम केलं, आईच्या निळ्या ताटात मांडलं, ओट्यावर थोडं पीठ मुद्दाम सांडलं आणि हॉलिसला हाक मारली. त्याने वास घेतला. "तू तळलंस? त्या मनगटाने?"

"हळूहळू केलं," ती म्हणाली.

त्याने तीन तुकडे खाल्ले. हाडं चोखली. "आईची चव आलीय, व्हर्ना," तो म्हणाला. "त्या टॉलिव्हरच्या रबराला याची सर नाही." एकोणीस वर्षांत माझ्या चिकनला इतकं कुणी नावाजलं नव्हतं, आणि मी समोर बसून बटाटे चिवडत होते. व्हर्नाने मला टेबलाखालून पाय मारला, तोही सुजलेला.

तसं पाच रविवार चाललं. हॉलिसच्या गालावर थोडं मांस आलं. व्हर्नाचा जीव मात्र टांगणीला. दर शनिवारी फॉइल घेताना ती म्हणायची, "त्याला कळलं तर तो माझ्या हातचं पाणीही पिणार नाही. त्याचं सगळं गेलंय, ट्रूडी. माझ्यावरचा विश्वास तेवढा उरलाय, आणि तोच मी फॉइलमध्ये बांधून नेते."

मतदान झालं. निम्म्याहून पुष्कळ जास्त लोक हो म्हणाले, तरी साठ भरले नाहीत. सकाळी दुकानात काही जणींनी टाळ्या वाजवल्या. व्हर्ना एका केकवर कुणाचं तरी नाव लिहीत होती, तिने मान वर केली नाही.

त्या रविवारी आम्ही तिघं निळ्या ताटाभोवती बसलो. मला वाटलं हॉलिस आता काही खाणार नाही. मग त्याने एक तंगडी उचलली आणि बहिणीकडे बघून म्हणाला, "हरलो. जास्त लोक आपल्या बाजूने होते तरी हरलो. पण व्हर्ना, एक गोष्ट आहे. आपण त्या बाईला एक पैसा दिला नाही. अख्ख्या गावात कुणी सांगू शकेल असं? पण तू आणि मी सांगू शकतो."

व्हर्ना उठली आणि नळ सोडून ताटं धुवायला लागली. ताटं अजून भरलेली होती. मी तिला बाजूला केलं आणि नळ बंद केला.

पंधरा दिवसांत सगळे परत आले. ट्रॉली सोडून जाणारे, मला लाज विचारणारे, सगळे. थँक्सगिव्हिंगचा सण तोंडावर आला होता, सणाच्या जेवणाची टर्की स्वस्त होती, आणि बावीस मैल कोण जाणार? पानाचा केक मागवणारा माणूस आपल्या मुलीच्या वाढदिवसाचा केक घेऊन गेला. व्हर्नाने त्यावर गुलाब काढून दिले.

शनिवारी मी आठ तुकडे फॉइलमध्ये बांधून तिच्या टेबलावर ठेवले. तिने ते उचलून माझ्या काउंटरवर परत आणले.

"अगं, संपलं आता सगळं," मी म्हटलं. "कोण विचारतंय?"

"तो सगळ्यांना सांगत फिरतोय, ट्रूडी. चर्चमध्ये, पोस्टात. एक पैसा दिला नाही म्हणून. छाती काढून सांगतो. इतक्या वर्षांत मी त्याला असं चालताना बघितलं नव्हतं." ती मनगटाचा पट्टा घट्ट करत होती. "झालं ते काही परत घेता येत नाही. पण इथून पुढे तरी ते खरं असायला हवं."

आणि ती चारला गाडी काढून बावीस मैल गेली, कच्चं चिकन आणायला. मी फॉइल उघडून तुकडे पुन्हा काचेत ठेवले. मला इतका राग आला होता, की कुणावर ते मलाच सांगता आलं नसतं.

तो रविवार मी चुकवला. सोमवारी ती कामावर आली ती उजव्या हाताला भाजल्याचा फोड घेऊन, आयसिंगची पिशवी डाव्या हातात.

"खाल्लं त्याने?" मी विचारलं.

"दोन तुकडे. म्हणाला, गेल्या रविवारपर्यंत तुझा हात चांगला होता, आता काय झालं?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, वय झालं रे. पुढच्या रविवारी मीठ थोडं जास्त घालीन." मग तिने मला विचारलं, "तू पिठात काय घालतेस गं? मला नीट सांग, लिहून घेते."