दोऱ्याचं टोक

दादाला बाजारात सगळे 'उसव्या' म्हणतात. कपडा कुणीही शिवलेला असो, हातात आला की तो आधी उलटा करतो, शिवण नखाने ओढून बघतो आणि "कच्चं काम" म्हणून उसवायलाच घेतो. माणसांचंही तो तसंच करतो. मी त्याची धाकटी बहीण. बावीस वर्षं त्याच्या शिलाईच्या दुकानात काजं-बटणं करते, आणि अजूनही संध्याकाळी तो माझं एकेक बटण ओढून बघतो.

अशा माणसाचा समोरचा दात पडला. चाळीस वर्षं त्या एकाच दाताने दोरा तोडत होता, दात तरी किती सोसणार! नवा पक्का बसवायचा, तर खालचं हाड झिजलेलं. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी तिथे हाडाची पूड भरायची आणि वरून हिरडी शिवायची. काही महिन्यांत हाड धरलं तर दात. नाही धरलं, तर पुन्हा करण्याइतकी जागा तुमच्याकडे नाही. मग काढता-घालता दात लावायचा." हे ऐकून दादाचा चेहरा उतरला. आमच्या वडिलांचा तसला दात एकदा माप घेताना गिऱ्हाइकाच्या खांद्यावर पडला होता. दुकानात पिकलेला तो हशा दादा अजून विसरलेला नाही.

"पूड कुणाच्या हाडाची?" त्याने विचारलं.

"शुद्ध करून, तपासून येते."

"कोण तपासतं?"

डॉक्टरीणबाई हसल्या. दादा हसला नाही.

शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी ओठ उचलून आरशात बघत तो म्हणाला, "बघ, गाठीपुढे दोरा केवढा सोडलाय! असं काम करणाऱ्याला मी दुकानाच्या पायरीवर उभं केलं नसतं."

"ते तोंड आहे, सदरा नाही," मी म्हटलं.

तो गप्प बसला. मला तिथेच शंका यायला हवी होती, कारण दादा ऐकून घेऊन गप्प बसणाऱ्यातला नाही.

पाचव्या दिवशी हिरडी सुजली. गाल टम्म फुगला, तोंडाला वास येऊ लागला, जरा दाबलं की पू. आणि दादाची चौकशी सुरू झाली. गोळ्यांवरची तारीख त्याने भिंगातून तीनदा वाचली. गुळण्यांचं औषध पातळ लागतंय म्हणून औषधवाल्याला फोन करून झापलं. मग वहिनीची पाळी.

"सुपात मिरी घातलीस?"

"मीठसुद्धा तुम्हाला विचारून घालते," वहिनी म्हणाली आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

मीही सुटले नाही. दुकान झाडताना मी मुद्दाम धुरळा उडवते, असं ठरलं. शेवटी सगळं डॉक्टरीणबाईंवर आलं. "मी म्हटलंच होतं. टाका कच्चा."

त्या दुपारी मी काजं करायला बसले, तर मशीनशेजारच्या खिळ्यावर छोटी कात्री नाही. धागे छाटायच्या त्या कात्रीला दादा कुणाला हात लावू देत नाही आणि त्या खिळ्याखेरीज ती कुठे ठेवतही नाही. हात धुवायला मागे घरात गेले, तर बेसिनवरच्या आरशाखाली, भिंगाला लागून, कात्री! संशय हा साथीचा रोग असावा; बावीस वर्षांनी मलाही लागला. मी कात्री रुमालात गुंडाळून पिशवीत टाकली आणि दादाबरोबर दवाखान्यात गेले.

डॉक्टरीणबाईंनी दिवा जवळ ओढून बराच वेळ बघितलं. "इथला टाका सुटलाय. गाठच दिसत नाही." त्यांनी दिवा बाजूला सारला. "पूड तुम्हाला मानवली नसेल आणि हिरडी आतून उकलली असेल. किंवा माझंच चुकलं असेल. काही असो, धोका नको. पूड काढून टाकू."

दादाचे डोळे चमकले. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्याला पहिल्यांदाच कुणीतरी आपणहून म्हणालं होतं, माझं चुकलं असेल. तो खुर्चीत ताठ बसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोराच्या उलट्या बोंबा! हात पिशवीत गेला, कात्री मुठीत आली. पण काढली नाही. म्हटलं, हे ज्याचं त्यानेच उसवावं.

डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन भरलं. "पूड काढली की पक्का दात विसरायचा. लक्षात आहे ना?"

त्या वाकल्या, तसं दादाने त्यांचं मनगट धरलं.

"थांबा. टाका पक्का होता." फटीतून शिट्टी वाजत होती, तरी शब्द स्पष्ट होते. "टोक लांब होतं, मला बघवेना. मी छाटलं. पार गाठीपासून."

"कशाने?"

मी कात्री काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. दादा कात्रीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.

डॉक्टरीणबाई चांगल्याच भडकल्या. "टोक लांब सोडतात ते गाठ निसटू नये म्हणून! मी तुमच्या दुकानात येऊन बाह्या कापते का?" मग त्यांनी जखम धुतली, वरची बिघडलेली पूड काढली, खालची घट्ट बसली होती ती राहू दिली, पुन्हा टाके घातले आणि गोळ्या बदलल्या. "ही वाचेल, बहुतेक. आधी कळलं ते बरं झालं."

निघताना मी टेबलावरची कात्री उचलली आणि दुकानात येताच पुन्हा खिळ्यावर अडकवली. घरी वहिनीने सूप पुढे ठेवलं, ते दादा काही न विचारता प्यायला. वहिनी माझ्याकडे बघत राहिली.

संध्याकाळी तो माझ्या टेबलाशी आला. मी सवयीने बटणं लावलेला सदरा पुढे केला. त्याने तो उलटासुद्धा केला नाही. खिळ्यावरची छोटी कात्री काढून माझ्यापुढे ठेवली.

"टाके निघेपर्यंत ही लपवून ठेव. कुठे ते मला सांगू नकोस."

"का रे?"

त्याने ओठ उचलून दाखवला. गाठीपुढे दोऱ्याचं टोक होतं, चांगलं लांब.

"माझा भरवसा नाही," दादा म्हणाला.