उद्या घरून गोल वस्तू आणा

वन्नाली माझ्या थोरल्या लेकीच्या वयाची. घरी मी तिला अगंतुगं करते, बालवाडीत मात्र बाई म्हणते. तिथे ती शिकवते आणि मी मुलांचा दुपारचा भात शिजवते. तिच्या वडिलांना डावा हात नाही. बांबूचे कोंब उकरताना त्यांची कुदळ एका बॉम्बीवर पडली होती. आमच्या लाओसच्या या माळावर जुन्या लढाईत विमानांतून पडलेले हे पेरूएवढे गोळे अजून जमिनीत आहेत.

प्रशिक्षणाला गेली असताना तिला चित्रांचं एक पुस्तक मिळालं. कोंबडीचं अंडं घरंगळत जातं आणि ती ते शोधत फिरते, एवढीच गोष्ट. पुस्तक एक आणि मुलं एकोणीस, म्हणून वन्नाली वाचण्यापेक्षा करूनच जास्त दाखवायची. मुलं पंख हलवत कोंबडीसारखी चालायची, उतारावरून पेरू आणि दगड सोडून आधी कोण पोचतं ते बघायची, परातीतल्या भाताच्या तुसात बोटाने गोल काढायची. जड, हलकं, खरखरीत हे शब्द ती पोरं हातांनी शिकली.

एका गुरुवारी ती मुलांना म्हणाली, "उद्या प्रत्येकाने घरून एक गोल वस्तू आणायची. डोळे मिटून, चाचपून ओळखू."

शुक्रवारी लिंबं आली, वेताचा चेंडू आला, चिकट भाताचा गोळा आला, तो आणणाऱ्याने वाटेतच निम्मा खाल्लेला. मग पाच वर्षांची दावोन उठली आणि तिने झोळीतून दोन्ही हातांनी काहीतरी काढलं.

"माझी सगळ्यात जड," ती म्हणाली.

मी पाण्याची बादली घेऊन दारात होते. मातीने लडबडलेला तो गोळा मी ओळखला आणि बादली कशी खाली ठेवली ते मला आजही आठवत नाही.

वन्नालीचा आवाज गोष्ट सांगतानाचाच राहिला. "दावोन, तुझं अंडं झोपलंय हं. हलवू नकोस."

"अंडं नाही, लोखंड आहे."

"बरं, झोपलेलं लोखंड. हात तसेच ठेव." मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "फेंगमावशी, पिल्लांना बाहेर न्या. चवड्यांवर, गुपचूप. विहिरीपलीकडे, मोठ्या बांधाच्या मागे."

अठरा पोरं माझ्यामागून ओळीने निघाली. एक जण दारातून परत वळला. "माझं लिंबू राहिलं."

"उद्या दोन देते. चल."

बांधामागे मी त्यांना पालथं झोपवलं आणि दोनदा मोजलं. आत काय झालं ते वन्नालीने मला नंतर सांगितलं. तिने पायाने तुसाची परात दावोनपुढे सरकवली आणि गुडघ्यांवर बसली. तेवढ्यात पोर म्हणाली, "बाई, हात दुखतोय. टाकू?"

"नको. तुझे हात माझ्या हातांत राहू देत. कोंबडी घरट्यात कशी बसते? तसं, हळू."

चार हात मिळून खाली गेले. गोळा तुसात टेकला तेव्हा दावोनला तो नीट वळवून ठेवायचा होता. वन्नालीने तिची मनगटं धरली, तिला उचलून कडेवर घेतलं आणि ती बाहेर पडली. बांधाशी पोचल्यावरच तिने दावोनला खाली ठेवलं.

दुपारी बॉम्ब निकामी करणारं पथक आलं. गोळा हलवण्यासारखा नव्हता. वाळूच्या पोत्यांत तो तिथेच फोडला, त्यात अर्धं छप्पर उडालं. पथकाचा मुख्य म्हणाला, "बाई, तुम्ही हात लावायला नको होता."

"मग कोणी लावायचा होता?" वन्नाली म्हणाली.

संध्याकाळी गाव जमलं. दावोनचा बाप थोंगसाय उभा राहिला. "घरून वस्तू आणायला सांगितलं कोणी?"

"मी."

"एवढी वर्षं बालवाडीच्या भिंतीवर बॉम्बीचं चित्र टांगलंय. ते कशाला?"

आईच्या मांडीवरून दावोन म्हणाली, "चित्रातला पिवळा आहे, बाबा. हा मातीचा होता. आपल्या कोंबड्यांच्या खुराड्यामागे."

थोंगसाय खाली बसला. ते खुराडं त्यानेच बांधलं होतं.

दोन आठवडे वन्नाली घराबाहेर पडली नाही. मी रोज डबा घेऊन जायचे आणि ती म्हणायची, "मावशी, गोल म्हणजे काय ते मी नुसतं तोंडाने सांगितलं असतं तरी चाललं असतं. हातात घ्यायला मीच शिकवलं."

तिसऱ्या आठवड्यात ती बालवाडीत आली. थोंगसाय छपरावर पत्रे ठोकत होता. तिने चिकणमातीचे गोळे केले, त्यांना गंज आणि तांबडी माती फासली आणि पथकाने तपासून दिलेल्या अंगणात गवताआड अर्धे पुरले. मुलांनी ते शोधायचे, पण दिसला की जागीच थांबायचं, आल्या पावली परत फिरायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं. हात लावला की डाव गेला. आता गावातली मोठी माणसंही कुंपणाशी उभी राहून बघतात, आणि थोंगसाय दोनदा हरलाय.

दावोन मात्र महिनाभर कशालाच हात लावेना. पेरूसुद्धा आईने कापून भरवायचा. वन्नालीने तिला आग्रह केला नाही, ती मातीचा एक ओला गोळा रोज तिच्याजवळ ठेवायची, इतकंच. एका सकाळी दावोनने तो बोटाने दाबला, चपटा केला, मग दोन्ही तळव्यांत वळून लांबच लांब केला.

"साप आहे," ती म्हणाली.

"चावतो का?" वन्नालीने विचारलं.

"तुम्हाला नाही," दावोन म्हणाली आणि दुसरा गोळा मागितला.