तांब्यातल्या पाण्याचा बाप्तिस्मा

बाप्तिस्म्याविना लेकरू गेलं तरी देव त्याला टाकत नाही, असं आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी शिकवलं होतं. मला ते पटलंही होतं. पण दुष्काळाच्या साली माझी तीन महिन्यांची मुलगी हगवणीने निपचित पडली, तेव्हा ते पटलेलं कामाला आलं नाही. पाळकसाहेब उपासनेसाठी केम गावाला गेले होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी तांब्यातलं पाणी तिच्या डोक्यावर घातलं, पित्याचं, पुत्राचं, पवित्र आत्म्याचं नाव घेतलं आणि तिला घेऊन सरकारी दवाखान्यात पळाले.

मुलगी वाचली. सासूबाईंनी तिचा बाप्तिस्मा रविवारी ठरवला, करकंबच्या पाहुण्यांना बोलावलं. पण बाप्तिस्मा एकदाच होतो आणि अडीनडीला कुणीही दिला तरी तो खराच, हेही पाळकसाहेबांनीच शिकवलं होतं.

शनिवारी पाळकसाहेब आमच्या घरी आले तेव्हा मी सगळं सांगून टाकलं.

"चौथी शिकली की लगेच पाळक झाली व्हय?" सासूबाई म्हणाल्या. "आता पाव्हण्यांना काय सांगू?"

पाळकसाहेबांनी मला विचारलं, "देव तिला टाकणार नाही हे ठाऊक होतं ना? मग पाणी कशाला घातलं?"

"ठाऊक होतं. पण भीती वाटली."

त्यांनी मला त्या दिवसाची तारीख विचारली.

रविवारी त्यांनी मुलीच्या डोक्यावर नुसता हात ठेवून प्रार्थना केली, पाणी घातलं नाही. चर्चच्या नोंदवहीत मी पाणी घातलं त्या दिवसाची तारीख लिहिली आणि बाप्तिस्मा देणाऱ्याच्या रकान्यात 'आई' असं लिहिलं. सासूबाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.