पान एक्कावन्नवरची चांदणी

माझ्या वडिलांनी वारल्यानंतर एकोणीस पुस्तकं वाचली. जिवंतपणी वाचली ती वेगळी.

यात भुताखेताचा काही संबंध नाही. संबंध माझा आहे, आणि एका शिसपेन्सिलीचा. सगळा प्रकार नीट सांगून टाकतो, कारण आमच्या सोसायटीत त्याच्या दोन-तीन आवृत्त्या फिरतायत आणि एकाही आवृत्तीत मी शहाणा ठरत नाही. (या आवृत्तीतही ठरणार नाही, पण निदान तपशील बरोबर असतील.)

आम्ही विश्रांतवाडीत राहतो, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आळंदी रस्त्याजवळच्या एका वाचनालयात आई-बाबांचं मिळून एकच खातं होतं. तिथलं पुस्तक फाटलं की त्याला तपकिरी बाइंडिंग होतं, आणि तिथली बहुतेक सगळी पुस्तकं कधी ना कधी फाटलेली आहेत. त्यामुळे आरोग्यविषयक पुस्तक आणि प्रेमकथा बाहेरून सारखीच दिसतात. बाबा तेच पुस्तक तिसऱ्यांदा घरी आणायचे आणि साठाव्या पानावर त्यांना आठवायचं की दागिने दिवाणजीनेच चोरलेत. यावर तिथल्या जुन्या सभासदांनी एक उपाय शोधलेला आहे. पुस्तक वाचून झालं की आत कुठेतरी आपली एक बारीक खूण करून ठेवायची. कुणी टिंब देतं, कुणी आद्याक्षर लिहितं. बाबा पान एक्कावन्नवर, आकड्याच्या खाली, एक छोटी चांदणी काढायचे. आवडलेलं पुस्तक मग आईकडे जायचं (बाकीची ते तिथल्या तिथेच वाचून ठेवून द्यायचे), आणि तिचं वाचून झालं की संध्याकाळच्या चहाला दोघं त्यावरून भांडायची. हे चाळीस वर्षं चाललं.

बाबा गेले आणि आईने वाचन बंद केलं. "वाचून सांगू कुणाला?" एवढंच म्हणाली. चार महिने ती जिना उतरली नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की गुडघ्यांना काही झालेलं नाही. ती टीव्हीसमोर बसून राहायची, मग तो चालू असो वा बंद. मला खरंच भीती वाटायला लागली होती की आईही आपल्या डोळ्यांदेखत हळूहळू निघून चाललीये. आणि मी मुलगा म्हणून काय करत होतो? तर रोज ऑफिसला जाताना "आई, काही हवंय का?" असं दारातून विचारत होतो आणि उत्तर यायच्या आत चपला घालत होतो. बाबांचा विषय निघू नये म्हणून मी घरात बोलणंच कमी केलं होतं.

एके दिवशी माझी बायको मेधा वाचनालयातून स्वतःसाठी एक पुस्तक घेऊन आली. आईने ते सहज उघडलं, पान एक्कावन्न काढलं, आणि तिथे चांदणी! तिने त्या चांदणीवरून बोट फिरवलं. दोन दिवसांत पुस्तक संपवलं आणि तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "मिलिंद, ह्यांनी वाचलेलं अजून एखादं बघ ना."

आईने काहीतरी मागितलं होतं. मी त्याच संध्याकाळी वाचनालयात जाऊन एकेक पुस्तक उघडून बघायला लागलो. ग्रंथपाल शेखबाईंनी थोडा वेळ हे पाहिलं आणि काय शोधताय म्हणून विचारलं. मी म्हटलं, पान एक्कावन्न. त्या म्हणाल्या, "सगळ्या पुस्तकांत आहे ते." आणि पुन्हा रजिस्टरमध्ये डोकं घातलं. तासाभरात मला चांदणीवाली तीन पुस्तकं मिळाली, मान आखडली आणि बाहेर नो पार्किंगमधली माझी गाडी उचलून नेली.

आईने ती तिन्ही पुस्तकं आठवड्यात फस्त केली. मग मात्र मी विचार केला. चांदणी म्हणजे काय, पाच रेघा! मी परचेस खात्यात नोकरी करतो; दहा ठिकाणी सह्या करून करून माझा हात बसलेला आहे. मी एक पेन्सिल घेतली, दाराजवळच्या कपाटातून (गाडीवर नजर ठेवता यावी म्हणून) हाताला येईल ते पुस्तक उचललं, आणि बाबांच्या वतीने वाचून टाकलं.

इथे एक कबुली दिली पाहिजे. शाळा सुटल्यापासून मी वाचलेला सगळ्यात मोठा मजकूर म्हणजे गृहकर्जाचा करार, आणि त्यावरही मी न वाचताच सही केली होती. त्यामुळे दाराजवळच्या कपाटात काय प्रकारची पुस्तकं आहेत याचा मला पत्ता नव्हता. आईला पहिलं गेलं ते शेळीपालन. दुसरं विषारी साप. तिसरं, कोरफडीचे उपयोग.

मला वाटलं, पकडलो गेलो. पण आईचे डोळे लकाकत होते. जेवताना ती म्हणाली, "अरे, ह्यांना शेळ्या पाळायच्या होत्या! इतक्या वर्षांच्या संसारात एका शब्दाने बोलले नाहीत." मग सुरू झाली तिची चौकशी. निवृत्त झाल्यावर लोणी काळभोरला जमीन बघायला गेले होते ते यासाठीच का? सापाला आपण इतके घाबरतो म्हणून वाचलं असेल का? आई पुस्तक वाचत नव्हती, पुस्तकातून नवरा शोधत होती. शेजारच्या काकूंना तिने जिन्यात उभं राहून कोरफडीवर अर्धा तास ऐकवलं. जिन्यात! म्हणजे दाराच्या बाहेर! मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

गंमत म्हणजे मलाही उत्सुकता लागली. संध्याकाळी घरी आलो की मी आधी विचारायचो, आज काय सापडलं? आई सांगायची, मी ऐकायचो, आणि मधूनच बाबांची एखादी खरी आठवण निघायची. मेधा मात्र मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाली, "पुरे कर आता. गेलेल्या माणसाच्या नावावर काय वाट्टेल ते खपवतोयस तू." मी म्हटलं, शेळ्यांनी कुणाचं काय वाकडं होणार आहे?

शेळ्यांनी झालं नाही, दीपगृहाने झालं. कुणीतरी कोकणावरची आपली पुस्तकं वाचनालयाला भेट दिली होती आणि ती दाराजवळच्याच कपाटात लावली होती. मी सलग तीन आठवडे त्यातलीच पुस्तकं उचलली. तिन्ही कादंबऱ्या, एकाच लेखकाच्या, एकाच गावातल्या. गावात दीपगृह, दीपगृहाजवळ शाळा, शाळेत एक देखण्या बाई, आणि बदली होऊन आलेला एक परगावचा कारकून. (हे मला नंतर कळलं. मी फक्त पान एक्कावन्न पाहिलं होतं, आणि तेही फक्त खालून.)

आता आमच्या बाबांबद्दल एक गोष्ट. ते बँकेत कारकून होते. माझ्या जन्माआधी त्यांची आठ महिन्यांसाठी बदली झाली होती. कोकणात. नेमकी त्याच गावी! आई तेव्हा पुण्यातच राहिली होती.

पहिल्या कादंबरीनंतर आई गप्प झाली. दुसरीनंतर बाबांच्या फोटोला रोज घालायचं फूल बंद झालं. तिसरीनंतर फोटो भिंतीवरून कपाटावर गेला, आणि दोन दिवसांनी कपाटावरून कपाटात. मेधाने फोटो कुठे गेला म्हणून विचारलं, तर म्हणे काच पुसायची आहे. मग एका सकाळी आई नवी साडी नेसून, पर्स घेऊन, तिन्ही पुस्तकं काखेत मारून, माझ्या आधी खाली गाडीपाशी उभी! दोन मजले एकटी उतरून आली होती.

"मला ते गाव बघायचंय," ती म्हणाली.

ज्या आईने जिना उतरावा म्हणून मी जंग जंग पछाडलं, ती उतरली होती, आणि मला रडू येत होतं. मेधा वरून थर्मास देण्याच्या निमित्ताने आली आणि माझ्या कानात म्हणाली की आज तू सांगितलं नाहीस तर उद्या मी सांगेन. मी चांदणी चौकात सांगणार होतो. तिथे ट्रॅफिक होतं. पिरंगुटला सांगणार होतो, तिथे आईचा डोळा लागला होता. मुळशीचं धरण दिसलं आणि आई जागी होऊन म्हणाली, "त्या बाई अजून असतील का रे तिथे?"

तिचा आवाज इतका बारीक झाला होता की माझ्याने पुढे गाडी चालवेना. ताम्हिणी घाटात एका टपरीपाशी थांबलो, दोन चहा घेतले, आणि सांगून टाकलं.

आईने चहा पूर्ण संपवला. मग तपासणी सुरू झाली. पहिल्या चार चांदण्या? त्या बाबांच्याच. "शेळ्या?" मी. "साप?" मी. "कोरफड?" मीच, आई. "आणि हे?" तिने मांडीवरच्या तीन पुस्तकांवर हात ठेवला. मी मान डोलावली.

मला वाटलं, ती माझ्यावर खेकसेल. तिने पदर डोळ्यांना लावला. म्हणाली, "एकवीस दिवस मी त्या माणसाशी बोलले नाही. फोटोतून केविलवाणा बघत होता माझ्याकडे. तोंड फिरवून जायचे मी."

मग मीही रडलो. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा, ताम्हिणी घाटात, एका टपरीवर, पन्नाशी उलटलेला माणूस. टपरीवाल्याने न मागता पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मी आईला म्हटलं की माझं चुकलं, पण तू काहीतरी वाचावंस, उठावंस म्हणून केलं. मला दुसरं काही सुचत नव्हतं, आणि तू त्यांच्याबद्दल बोलायचीस ते ऐकायला मला फार बरं वाटत होतं. आईने पदराने आधी माझा चेहरा पुसला, मग स्वतःचा.

थोड्या वेळाने मी विचारलं, परत फिरायचं का.

"का?" आई म्हणाली. "दीपगृहही तूच काढलंयस का?"

आम्ही गेलो. दीपगृह होतं. लेखकाने लिहिलं होतं तस्संच, पांढरं, समुद्रात घुसलेल्या टेकडीवर. शाळाही होती, पण तिला नवा रंग दिलेला होता आणि फाटकावर सेमी इंग्रजीची पाटी होती. आईने पुस्तक उघडून एकेक गोष्ट ताडून बघितली. गोल जिना ती मोजत चढली. मी मध्येच धापा टाकत खिडकीत बसलो आणि सत्तरीतली माझी आई मला ओलांडून वर गेली. मी पोचलो तेव्हा ती कठड्याला धरून उभी होती. म्हणाली, पुस्तकात चार पायऱ्या जास्त लिहिल्यात. मग समुद्राकडे वळली. "आठ महिने इथे होते," ती म्हणाली. "आणि मला प्रत्येक पत्रात एकच ओळ. इकडची हवा चांगली आहे. एवढा समुद्र आणि नुसती हवा!" असं म्हणून ती हसली. "हे असते तर पायऱ्यांवरून माझ्याशी नक्की भांडले असते," असंही म्हणाली. परतीच्या वाटेवर सगळा वेळ तीच बोलत होती.

घरी आल्यावर फोटो काच पुसून भिंतीवर परत गेला. आईने दुप्पट फुलं घातली आणि मला फोटोसमोर उभं करून सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. दुसऱ्या दिवशी ती स्वतः वाचनालयात गेली, चालत, आणि शेखबाईंना माझा सगळा प्रताप सांगितला. शेखबाईंनी एकोणीस पुस्तकांची यादी काढली. म्हणाल्या, खोट्या खुणा चालायच्या नाहीत. एकतर खोडा, नाहीतर खऱ्या करा. मी खोडरबर आणायला निघालो. आई म्हणाली, "खोडायच्या कशाला? वाचेल तो."

सध्या आई आठवड्याला दोन पुस्तकं आणते, एक तिचं आणि एक माझ्या शिक्षेचं. संध्याकाळी चहाला मला बसवून घेते. परवा मी शेळीपालन शेवटच्या पानापर्यंत वाचलं. आयुष्यातलं पहिलं संपूर्ण पुस्तक! अभिमानाने पेन्सिल घेतली आणि बाबांच्या नावाने काढलेल्या चांदणीशेजारी माझी स्वतःची खूण करायला गेलो, तर आई म्हणाली, "थांब. आधी सांग काय वाचलंस." मी सांगितलं. तिने चहा संपेपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं, माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली, आणि म्हणाली, "परत वाच."