रोझेरकाकांचा मूस

रोझेर वेलेट यांचं नाव मूसच्या सोडतीत निघालं तेव्हा त्यांना चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरावा लागत होता.

अमेरिकेच्या टोकाला, आमच्या उत्तर मेनमध्ये मूस, म्हणजे इथलं अजस्र सांबर, मारायचा तर परवाना लागतो, आणि तो सोडतीनेच मिळतो. काका लग्नाआधीपासून दर वर्षी अर्ज टाकत आले होते. कागदाच्या गिरणीत त्यांच्या पाळीला असलेल्या जवळजवळ प्रत्येकाचं नाव कधी ना कधी लागलं. त्यांच्या धाकट्या भावाचं तर पहिल्याच फटक्यात लागलं, आणि तो गडी वर्षभर काकांना मूसच्या मांसाचे डबे पाठवत राहिला. जूनमध्ये नावं जाहीर व्हायची त्या दिवशी फर्नांदकाकू रेडिओच लावायच्या नाहीत. म्हणायच्या, "ह्यांचं तोंड बघवत नाही मला."

खरं तर काकांना शिकारीचं एवढं वेड नव्हतं. त्यांनी मुलाला शब्द दिला होता. नॉर्मां एकुलता एक. तो शाळेत जायला लागला तेव्हा काका त्याला म्हणाले होते, "माझं नाव लागलं की आपण दोघं जायचं." पोराने ते वर्गभर सांगितलं. पुढे कित्येक वर्षं गावातले लोक त्याला विचारायचे, "काय रे, गेलास का मूस मारायला?"

नॉर्मां मोठा होऊन बापाच्याच गिरणीत लागला. तिथे कागदाचं एक भलंमोठं रीळ निसटलं आणि त्याची पाठ कामातून गेली. डॉक्टरांनी दुखण्यावर गोळ्या दिल्या. दुखणं थोडं कमी झालं, गोळ्या मात्र सुटेनात. डॉक्टरांनी हात आखडता घेतल्यावर तो इकडून तिकडून मिळवायला लागला, आणि शेवटी एका औषधाच्या दुकानाचं मागचं दार फोडताना सापडला. तो तुरुंगात असतानाच फर्नांदकाकू गेल्या. सुटून आला तेव्हा त्याची बायको दुसऱ्या गावी निघून गेलेली, आणि बंदुकीला हात लावायचा हक्कही गेलेला. आमच्याकडे असा कायदाच आहे. तुरुंग भोगलेल्याने बंदूक धरली, की परत आत.

पण आल्यावर तो सुधारला, हे खरं. बापाजवळ राहायला लागला. काकांना तोवर कंपवाताने गाठलं होतं. तो त्यांची दाढी करायचा, लाकडं फोडायचा, दर आठवड्याला व्यसन सोडलेल्यांच्या बैठकीला जायचा. अशात एके दिवशी काका माझ्या दारात उभे. लोकांना शिकारीला घेऊन जाणं हा माझा धंदा.

"क्लोव्हिस, सप्टेंबरचा शेवटचा आठवडा माझ्यासाठी ठेव."

"लागलं की काय नाव?"

"लागलं. आता लागलं, मेलं." दोन्ही हात त्यांनी कोटाच्या खिशात खुपसून ठेवले होते.

"बरोबर कोण?"

"नॉर्मां."

"काका, त्याला बंदूक..."

"मला शिकवू नकोस. तो नुसता येईल. माझ्या शेजारी बसेल."

परवान्यावर दुसऱ्या शिकाऱ्याचं नाव घालायची सोय असते. काकांनी ती जागा कोरीच ठेवली. मी म्हटलं माझं घाला, तर म्हणाले, "ती जागा त्याची आहे."

तळ्याकाठच्या माझ्या लाकडी खोपटात आम्ही राहिलो. नॉर्मां सकाळी उठून प्लॉय घालायचा. प्लॉय म्हणजे आमची घावनं, कुट्टूच्या पिठाची. त्याची एका बाजूने जळायची.

"तुझी आई असती तर तव्यासकट तळ्यात फेकलं असतं तुला," काका म्हणायचे.

"मग ही घावनं तुमच्या तोंडात गेली असती का, पपा? बोलता बोलता तीन खाल्लीत."

तो खाली बसून बापाच्या बुटांच्या नाड्या बांधायचा आणि काका त्याच्या डोक्यावरून वर खिडकीबाहेर बघत राहायचे. तुरुंगाचं, गोळ्यांचं कुणी नाव काढलं नाही. त्या आठवड्यात मी दोघांना जितकं हसताना पाहिलं, तितकं आधी कधी पाहिलं नव्हतं.

हवा मात्र उलटली होती. ऐन माजाच्या दिवसांत उन्हाळ्यासारखं ऊन. मूस दिवसभर सावलीत पडून राहायचे. मी भूर्जाच्या सालीचा कर्णा करून मादीसारखी साद घालायचो आणि पलीकडून फक्त कावळे उत्तर द्यायचे. मोसम संपायच्या आदल्या दिवशी पहाटे मात्र उत्तर आलं. जंगलातून घोगरा हुंकार, मग फांद्या मोडल्याचा आवाज, आणि झाडं तोडलेल्या मोकळ्या पट्ट्यात नर येऊन उभा राहिला. घोड्याहून उंच, शिंगं उघड्या पंजांसारखी. आमच्याकडे आडवा उभा. चांगल्या नेमबाजाला डोळे मिटून लागला असता.

मी तिकाटणं लावलं, काकांनी त्यावर बंदूक टेकवली. नळी लाकडावर टकटक वाजायला लागली. त्यांनी श्वास धरला, सोडला, परत धरला. टकटक थांबेना. मग ते वळले आणि बंदूक नॉर्मांपुढे धरली.

"घे."

"नाही, पपा."

"घे म्हणतो ना. कोण बघतंय इथे?"

नॉर्मांने हात काखेत दाबून धरले. तो कुजबुजला, "मी परत आत जाणार नाही. तुमच्यासाठीसुद्धा नाही."

"काका," मी म्हटलं, "जमत असेल तर मारा. नाहीतर जाऊ दे त्याला."

काकांनी मारली. गोळी फार मागे, पोटात लागली. मूस दचकला, पाठ वाकवली, आणि देवदारांच्या दलदलीत शिरला.

थोडं थांबून आम्ही माग काढायला लागलो. रक्त थोडंच होतं, काळपट. दुपारपर्यंत तेही संपलं. काकांना एका ओंडक्यावर बसवून मी आणि नॉर्मां कमरेएवढ्या चिखलात फिरलो. संध्याकाळी मी म्हटलं, सापडला तरी या उकाड्यात मांस गेलेलं असणार. नॉर्मां म्हणाला, "मांसाचं कोण बोलतंय?"

दुसऱ्या दिवशी कावळ्यांच्या आवाजावरून नॉर्मांलाच मूस सापडला. पोट फुगलेलं, डोळे उकरलेले, वास लांबूनच येत होता. काकांना बाहेर येऊन सांगितलं, तर ते म्हणाले, "मला बघायचाय."

"काय बघणार, पपा? सडलाय."

"मी मारलाय. मी बघणार."

ते उठले, चिखलात पाऊल टाकलं आणि कोसळले. नॉर्मांने त्यांना उभं केलं, स्वतः खाली वाकला, आणि पाठीवर घेतलं. मी म्हटलं, "अरे, तुझी पाठ! आपण दोघं धरून नेऊ." तो म्हणाला, "तू वाट दाखव." तिथपर्यंत नेलं, आणि परत आणलं. काका त्या जनावरापुढे टोपी काढून उभे राहिले. परत येताना मुलाच्या खांद्यावर गाल टेकून त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

घरी आल्यावर नॉर्मांला अंथरुणातून उठता येईना. डॉक्टरांकडे गेला, जुनी हकीकत सांगितली, म्हणाला, त्या गोळ्या देऊ नका. त्यांनी साध्या दिल्या. साध्यांनी काही होईना. नाताळाआधी मी भेटायला गेलो तेव्हा तो भिंतीला धरून चालत होता. नंतर गेलो तेव्हा ताठ चालत होता, हसत होता, आणि मला काय ते कळलं. काकांनाही कळलं असणार. जानेवारीच्या बर्फात एका सकाळी काकांना तो न्हाणीघरात सापडला. दार आतून लावलेलं होतं. त्या हातांनी त्यांनी ते कसं उघडलं, देव जाणे.

आमच्याकडे हिवाळ्यात जमीन गोठते, खोदता येत नाही. शवपेटी वसंतापर्यंत चर्चच्या दगडी कोठडीत ठेवतात. काका दर रविवारी प्रार्थनेनंतर त्या कोठडीच्या दारापाशी जाऊन उभे राहायचे, मी गाडी सुरू करून थांबायचो. बर्फ वितळल्यावर पुरलं. माती देऊन झाल्यावर त्यांनी माझी बाही धरली.

"क्लोव्हिस, तू मागून चालत होतास. त्याला फार जड होत होतो का रे मी?"

"मी पुढे होतो काका. वाट दाखवत होतो."

"हं," ते म्हणाले. "म्हणजे तूही बघितलं नाहीस."

आता ते गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात असतात. त्यांना भरवावं लागतं. मी गेलो की नर्स माझ्या हातात वाटी देते. परवा त्यांनी मला नॉर्मां म्हणून हाक मारली, आणि मी काही दुरुस्त केलं नाही. त्यांनी दोन चमचे खाल्ले, तिसऱ्याला तोंड फिरवलं. बाहेर पाऊस पडत होता. वाटी नर्सकडे दिली आणि निघालो.