अनुदात्ताला न वाकणारी मान

गेल्या आषाढात माझी मान आखडली. खाली वाकेना, उजवीकडे वळेना. भोरच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून गंभीर काही नसल्याचे सांगितले आणि नसरापूरच्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे पाठवले. मला चिंता होती ती श्रावणी सोमवारची. विंझरच्या शिवालयात अभिषेकाचे मंत्र अनेक वर्षे मीच म्हणतो. आमच्या पठणात खालच्या, म्हणजे अनुदात्त स्वराला मस्तक खाली येते. चढ्या, म्हणजे स्वरित स्वराला वर जाते. पाठशाळेत गुरुजींनी माझे डोके दोन्ही हातांत धरून हे शिकवले होते. मान न हलता स्वर अचूक लागेल, असा विश्वासच मला नव्हता.

बाई माझ्या नातीच्या वयाच्या. त्यांनी मला उताणे निजवले, कवटीखाली बोटे ठेवली आणि डोके अगदी हलके स्वतःकडे ओढून धरले. "आजोबा, भार माझ्या हातांवर सोडा."

मी सोडला, असे मला वाटले. चौथ्या दिवशीही मान वळेना. शेजारच्या खाटेवर गुडघा शेकत बसलेल्या किकवीच्या आजी म्हणाल्या, "गुरुजी, लई ताठ हाय तुमची मान. समद्या गावाला देवाम्होरं वाकाया लावलं, आन् सोता न्हाई वाकला!"

मी हसलो. बाई हसल्या नाहीत. बोटे तशीच ठेवून त्यांनी विचारले, "तुम्ही मनात काही म्हणताय का?"

"मंत्र. चित्त शांत राहावे म्हणून."

"तरीच! दर थोड्या वेळाने इथले स्नायू आवळतायत. इथे असेपर्यंत नका म्हणू."

मंत्र म्हणू नका, असे मला आयुष्यात कोणी सांगितले नव्हते. मनोमन क्षमा मागून मी थांबलो. रिकाम्या मनाची सवय नव्हती. पंख्याची घरघर ऐकत पडून राहिलो. बऱ्याच वेळाने मस्तकाचे वजन खरोखर त्यांच्या तळहातांत उतरले. पुढच्या दिवसांत त्यांच्या हातावर डोके हलकेच दाबायचे, सैल सोडायचे, मग त्या मान किंचित अधिक वळवायच्या, असा क्रम चालला.

सोमवारी विंझरला आसनावर बसलो. पहिल्या अनुदात्ताला मान निम्मीच उतरली. तिला रेटण्याचा मोह झाला, रेटले नाही. स्वर मात्र आपल्या जागी लागला. डोळे भरून आले, आणि पुढचा शब्द उच्चारायला मला क्षणभर उशीर झाला.