मुसफ्फातला चंदनाचा हार

आता काय सांगू तुम्हाला, अबुधाबीत मी एका चालत्याबोलत्या माणसाला भर स्टेजवर स्वर्गवासी केलंय. हसू नका, चहा सांडेल.

पंच्याण्णव साल असेल. तिथल्या मुसफ्फा भागातल्या वर्कशॉपमध्ये माझे साहेब आयरिश, शॉन साहेब. माणूस सोन्यासारखा. माझ्या बायकोच्या व्हिसाचा कागद त्यांच्या टेबलावर सहीसाठी पडलेला. लग्नाला दोन वर्षं झालेली आणि संसार सगळा फोनवर. साहेबांनी ‘बस’ म्हटलं की मी लोळणच घ्यायचो.

एक दिवस म्हणाले, “साळवी, आमच्या गावचा एक क्रांतिकारक इंग्रजांशी लढताना गेला. इथली आमची मंडळी त्याचा स्मृतिदिन करतायत. तू गणपतीचं डेकोरेशन करतोस ना? मग स्टेज तुझं.” आणि दोन फोटो हातात दिले, कोण कोणता ते न सांगताच.

एकात मिसरूडही न फुटलेला टोपीवाला पोरगा. दुसऱ्यात पांढऱ्याशुभ्र मिशांचे आजोबा. तुम्हीच सांगा, आपल्याकडे पुढारी कसा दिसतो? मी आजोबांना मधोमध बसवलं, चंदनाचा हार घातला, कुंकू लावलं, उदबत्ती पेटवली. पोरगा गेला कोपऱ्यात, फुलदाणीमागे.

तेवढ्यात साहेब आले. सोबत काठी टेकत एक पाहुणे, पांढऱ्याशुभ्र मिशांचे.

“हे क्रांतिकारकाचे धाकटे भाऊ,” साहेब म्हणाले. “मुद्दाम आयर्लंडहून आलेत. पण यांच्या फोटोला हार कशाला?”

बायकोचा व्हिसा माझ्या डोळ्यांसमोरून उडाला.

“सर, आमच्याकडे हा सगळ्यात मोठा मान,” मी ठोकून दिलं. “मोजक्याच लोकांना मिळतो.”

म्हाताऱ्याने हार हळूच काढला आणि पोराच्या फोटोला घातला. “बाविसाव्या वर्षी गेला,” म्हणाला. “मान याचा.” खरं सांगतो, मला भरून आलं. खोटं माझं होतं, पण हार योग्य जागी पोचला.

दुसऱ्याच दिवशी सही झाली. खलास.

महिन्याने बायको आली. साहेबांचा हट्ट, आधी ऑफिसात आण, सरप्राइज आहे. दार उघडलं तर समोर भिंतीवर माझा फोटो. चंदनाचा हार, कुंकू, उदबत्ती, सगळं साग्रसंगीत. साहेब टाळ्या वाजवतायत.

बायकोने फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “अहो, दोन वर्षं थांबले ती यासाठी?”

हार काढायला सांगावं तर खोटं उघडं पडणार. पुढची सहा वर्षं मी स्वतःच्याच फोटोखाली बसून नोकरी केली. उदबत्ती साहेब लावायचे, रोज, न चुकता.